ब्रसेल्सची सुई

मराठीत 'वांझ' या शब्दाला पुल्लिंग नाही. 'लिंग बदला, वचन बदला' असले प्रश्न मुलांकडून सोडवून घेण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे अशा गोष्टी डोळ्यांत खुपतात. गाय वांझ, जमीन वांझ, बाई वांझ. 'वांझोटा' हे रूप आहे, पण ते वादाला लावतात. माणसाला लावलेले मी तरी आजवर ऐकलेले नाही. पुरुष फार तर 'निपुत्रिक' असतो. म्हणजे त्याला मूल नाही एवढेच, का नाही ते त्या शब्दात येत नाही. 'नपुंसक' वेगळे, तो दोष निराळा. धडधाकट, कमावता, संसार करणारा, पण बीजातच कमतरता असलेला पुरुष... त्याच्यासाठी आपल्या बोलीत शब्दच घडला नाही. महाभारतातला पांडूसुद्धा शापामुळे अडतो, देहातल्या दोषामुळे नव्हे!

हे आज लिहायचे कारण म्हणजे, नात्यातल्या एका तरुणाने परवा चहा पिता पिता मला सांगितले, "आजी, आम्ही इक्सी करतोय. प्रॉब्लेम माझ्यात आहे." शेजारी त्याची बायको बसली होती. उपचाराबद्दल मी वर्तमानपत्रात वाचले होतेच. थक्क झाले ती त्या दुसऱ्या वाक्याने. मग जन्मभर इतिहास शिकवलेला असल्यामुळे हे सारे सुरू कुठून झाले ते वाचत बसले. वाचकहो, तेच तुम्हाला सांगते.

सुरुवात जरा मागून करावी लागेल. १८८४ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात विल्यम पँकोस्ट नावाच्या डॉक्टरांकडे एक जोडपे आले. मूल होत नव्हते. तपासण्या अर्थातच आधी बाईच्या झाल्या. तिच्यात काही सापडले नाही, तेव्हा नवऱ्याचे वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात शुक्राणूच नव्हते. डॉक्टरांनी काय करावे? बाईला पुन्हा तपासायचे आहे असे सांगून क्लोरोफॉर्म दिला आणि हजर असलेल्या विद्यार्थ्यांपैकी एकाचे वीर्य तिच्या गर्भाशयात सोडले. तिला मुलगा झाला. नवऱ्याला नंतर हे सांगितले, तो खूशच झाला. त्याची अट एकच होती, बायकोला कळता कामा नये. ही हकीकत छापून आली ती थेट १९०९ मध्ये, त्या वेळी हजर असलेल्या एका विद्यार्थ्याच्या हातून.

मला वाटते, पुढच्या शंभर वर्षांचा इतिहास या एका गोष्टीत आला. पुरुषाच्या दोषावर औषध नव्हते. दुसऱ्याचे बीज आणि मौन, एवढाच मार्ग होता.

२५ जुलै १९७८ ला इंग्लंडमध्ये ओल्डहॅमला लुईस ब्राउन जन्मली, जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी. पॅट्रिक स्टेप्टो, रॉबर्ट एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकारी जीन पर्डी यांचे ते काम. पुढे २०१० मध्ये नोबेल मिळाले ते एकट्या एडवर्ड्सना, कारण बाकीचे दोघे तोवर हयात नव्हते. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नाने 'दुर्गा' जन्मली. मुखर्जींवर कोणी विश्वास ठेवला नाही, उलट त्यांची चौकशी आणि मानहानी झाली. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. तो एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आपल्या मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी ६ ऑगस्ट १९८६ ला टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म घडवला, तेव्हा आमच्या शिक्षकखोलीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

पण या जल्लोषात एक गोष्ट कोणी नीट लक्षात घेतली नाही. ही पद्धत मुळात बाईच्या अडचणीसाठी होती. लुईसच्या आईच्या बीजवाहक नलिका बंद होत्या, म्हणून स्त्रीबीज बाहेर काढून काचेच्या बशीत शुक्राणूंशी गाठ घालून द्यायची. (नळी नावापुरतीच, काम बशीतच चालते!) त्यासाठी एकेका स्त्रीबीजाभोवती पन्नास हजार ते लाखभर चपळ शुक्राणू सोडावे लागतात. आत शिरायचे काम त्यांचे त्यांनीच करायचे. ज्याच्याकडे तेवढे नव्हतेच, किंवा होते ते मलूल, त्याच्यासाठी टेस्ट ट्यूब येऊनही काही बदलले नाही.

मग लोक वेगळ्या वाटेने गेले. शुक्राणूला भिंत ओलांडता येत नसेल तर आपणच त्याला उचलून आत ठेवावे. १९७६ मध्ये हवाई विद्यापीठात उएहारा आणि यानागिमाची यांनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या स्त्रीबीजात सुईने शुक्राणू घातले होते. माणसाच्या बाबतीत धीर होत नव्हता. सुई टोचली की स्त्रीबीज मरेल ही एक भीती. निसर्ग लाखांतून जो शुक्राणू पुढे येऊ देतो तो सोडून आपण भलताच निवडला तर काय जन्माला येईल, ही दुसरी. म्हणून मधला मार्ग काढला. स्त्रीबीजाभोवती एक जाड पारदर्शक कवच असते, त्याच्या आत पण बीजाच्या पातळ आवरणाच्या बाहेर, अशा फटीत शुक्राणू सोडायचे. म्हणजे वाड्याचा दिंडीदरवाजा आपण उघडून द्यायचा, माजघरात त्याने आपल्या पायांनी जायचे. सिंगापूरमध्ये १९८८ मध्ये या रीतीने गर्भधारणा झाली, पण यश फार थोडे.

ब्रसेल्सच्या डचभाषक 'फ्री युनिव्हर्सिटी'तही हेच चालू होते. (इथला 'फ्री' आपल्या मुक्त विद्यापीठासारखा नव्हे. धर्मपीठाच्या बंधनातून मुक्त, असा तो अर्थ. टेस्ट ट्यूबला १९८७ मध्ये व्हॅटिकनने लेखी विरोध केला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे असल्या कामाला अशी जागा का लागते ते कळते.) आंद्रे व्हान स्टेर्टेगेम आणि पॉल देवरो हे तिथले प्रमुख. त्यांच्याकडे जिआनपिएरो पालेर्मो हा तरुण इटालियन डॉक्टर शिकायला आला होता. फटीत शुक्राणू सोडताना एकदा त्याच्या सुईचे टोक पातळ आवरणातून आत गेले आणि शुक्राणू थेट बीजाच्या पोटात पडला. हे बीज वाया गेले असेच कोणीही म्हणाले असते. दुसऱ्या दिवशी पाहतात तो नेमके तेच फळलेले!

नियम म्हणून नासलेले बीज टाकून दिले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. त्यांनी ते टाकले नाही, नोंद ठेवली, आणि मग तीच चूक मुद्दाम करायला सुरुवात केली. १४ जानेवारी १९९२ ला या पद्धतीने पहिले मूल जन्मले. त्याच वर्षी जुलैत 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा छोटासा निबंध आला. आकडे पाहा: ४७ स्त्रीबीजांत सुई घातली, ३८ शाबूत राहिली, ३१ फळली. आठ प्रयत्नांत चार गर्भधारणा, त्यांतली एक अगदी सुरुवातीलाच संपली. मुले झाली चार. दोन एकेकटे मुलगे, आणि एक जुळे, मुलगा व मुलगी.

गंमत म्हणजे उंदराचे स्त्रीबीज या सुईला टिकत नव्हते. त्यात यश आले ते १९९५ मध्ये. म्हणजे प्राण्यावर आधी, माणसावर नंतर, हा क्रम इथे उलटा झाला. म्हणूनच असेल, ब्रसेल्सच्या मंडळींनी मुले जन्मल्यावर त्यांची वर्षानुवर्षे तपासणी करायची हे पहिल्यापासून ठरवले होते. याचे मला फार कौतुक वाटते.

सुईचे काम वाचताना अंगावर काटा येतो. स्त्रीबीज मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे. एका नळीने ते हलक्या ओढीने धरून ठेवायचे. दुसऱ्या बाजूला केसाच्या दहाव्या भागाहून बारीक काचेची सुई. शुक्राणूच्या शेपटीवर सुईने दाब देऊन त्याला आधी निश्चल करायचे, मग शेपटीकडून सुईत ओढायचे आणि बीजात सोडायचे. लाख नकोत, एक पुरे. पुढच्या काही वर्षांत वीर्यात एकही शुक्राणू नसलेल्या पुरुषाच्या वृषणातून तो काढून वापरता येऊ लागला. फिलाडेल्फियाच्या त्या व्यापाऱ्यालाही कदाचित स्वतःचे मूल झाले असते.

इथे मला माझ्या थोरल्या आत्याची आठवण सांगितली पाहिजे. तिचे लग्न स्वातंत्र्याच्या आसपास झाले. सात वर्षांत मूल नाही म्हणून यजमानांनी दुसरी केली. मुंबई प्रांतात १९४६ पासून दुसऱ्या लग्नाला कायद्याने बंदी होती, पण गावात कायदा विचारतो कोण? दुसरीलाही मूल झाले नाही. पुढे ती गेली, आणि तिसरी आली. तिलाही नाही. तीन बायका वांझ निघाल्या, बिचाऱ्याचे नशीबच फुटके, असे लोक यजमानांबद्दल हळहळत. आत्या आमच्याकडेच राहिली. डोहाळजेवणाला, बारशाला ती आपण होऊन स्वयंपाकघरात कामाला बसायची, बाहेर ओटी भरायला कधी आली नाही. माझ्या बारशालाही नाही, असे आई सांगे. तपासणी तेव्हा मुंबईत होत असेलही. यजमानांना 'तपासून घ्या' म्हणायची कोणाची छाती होती?

इक्सीने मुले दिली हे खरेच, पण तिने आणखी एक काम केले असे मला वाटते. ज्या दोषावर उपाय नसतो तो कबूल करायला माणूस भितो. उपाय निघाला, तेव्हा पुरुष तपासणीच्या खोलीत जाऊ लागले.

अर्थात सुया टोचल्या जातात त्या बाईलाच, ही गोष्ट बदललेली नाही. दोष नवऱ्याचा, पण दहा-बारा दिवस रोज हार्मोनची इंजेक्शने हिने घ्यायची, भूल घेऊन बीजे हिने काढून घ्यायची, आणि जमले नाही तर पुन्हा पहिल्यापासून. शिवाय आता पुरुषात काही कमी नसतानाही सर्रास इक्सीच करतात. तशा जोडप्यांना तिचा जास्त फायदा होत नाही, हे ब्रिटनमधल्या चाचणीत दिसले आणि २००१ मध्ये त्याच 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. तरी लोक कर्ज काढून पैसे भरतात.

आणि ती ब्रसेल्सची मुले? त्यांची तपासणी खरोखरच चालू राहिली. २०१६ मध्ये १८ ते २२ वर्षांच्या ५४ तरुणांचा अहवाल आला. सगळे वडिलांच्या दोषामुळे इक्सीने जन्मलेले. बरोबरीच्या इतर तरुणांच्या मानाने त्यांच्या वीर्यातले शुक्राणूंचे प्रमाण सुमारे निम्मे भरले. काहींच्या बाबतीत दोष गुणसूत्रावरच असतो, तो बापाकडून मुलाकडे येतो. सुईने तो ओलांडला, मिटवला नाही. त्यांच्यातल्या काहींना मूल हवे झाले तर याच वाटेने जावे लागेल. मात्र का जायचे, ते त्यांना आधीच ठाऊक असेल. वडिलांच्या नावाने तसे कागदावर लिहिलेले आहे.