म्यूनिकचे लिनक्स

२००३ सालच्या मे महिन्यात जर्मनीतील म्यूनिक शहराच्या नगरसभेने एक ठराव संमत केला, आणि नगरपालिकेच्या सुमारे १४,००० संगणकांवरून विंडोज उतरवून लिनक्स चढविण्याचे ठरले. विंडोज एनटी ४ या जुन्या आवृत्तीची देखभाल मायक्रोसॉफ्ट थांबविणार होती. तेव्हा नवी आवृत्ती विकत घ्यावी, की वाटच बदलावी, असा प्रश्न होता. कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बामर सुट्टी अर्धवट टाकून महापौर क्रिस्टियान ऊडे यांच्या भेटीस येऊन गेले होते. उपयोग झाला नाही.

परंतु लिनक्स घ्यावयाचे म्हणजे नेमके काय घ्यावयाचे? लिनक्स हा केवळ गाभा आहे. त्याभोवती पूर्ण प्रणाली रचून देणारे अनेक आहेत, आणि अशा प्रत्येक रचनेस डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. राग एकच, घराणी निराळी, असे म्हणावयास हरकत नाही. म्यूनिकने २००५ साली डेबियन निवडले. १९९३ साली सुरू झालेले हे डिस्ट्रिब्यूशन कोणा कंपनीच्या मालकीचे नाही. स्वयंसेवक ते चालवितात, आणि पुरते पारखल्यावाचून नवी आवृत्ती बाहेर काढीत नाहीत. एका कंपनीच्या हातून सुटू पाहणाऱ्यास हा गुण मोलाचा वाटावा, हे साहजिकच होय. पण नवनवी यंत्रे कचेरीत येऊ लागली की हीच सावधगिरी अडचणीची होते. पुढे नगरपालिका डेबियनपासूनच निघालेल्या, पण ठरल्या वेळी नवी आवृत्ती देणाऱ्या उबुंटूकडे वळली.

माझ्या मते मात्र खरी परीक्षा डिस्ट्रिब्यूशनची नव्हतीच. खात्याखात्यांतून वर्षानुवर्षे साचलेले पत्रांचे नमुने, छापील अर्ज, त्यांत दडविलेली मॅक्रो, हे सारे विंडोजशी जखडलेले होते. सरकारी कचेरीत ज्याने चार वर्षे काढली आहेत, त्यास नमुन्यांचे राज्य किती चिवट असते ते सांगावयास नको! म्यूनिकला त्यांच्यासाठी वोलमक्स नावाचे स्वतंत्र साधन घडवावे लागले. विशिष्ट कामांचे प्रोग्राम त्याहून हट्टी. काही ब्राउझरमधून चालविता आले, काहींसाठी लिनक्सच्या पोटात आभासी विंडोज ठेवावे लागले, आणि काही संगणक विंडोजवरच राहिले. ठरावापासून दहा वर्षांनी, २०१३ अखेर, सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर आले होते.

२०१४ साली महापौर बदलले. तक्रारी वाढत गेल्या. २०१६ साली सल्लागारांनी अहवाल दिला. त्यात मोठे दोष दिसले ते व्यवस्थेच्या विस्कळीतपणाचे, लिनक्सचे नव्हेत. तरीही २०१७ साली नगरसभेने विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. लिनक्स निरुपयोगी ठरले, हा त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. २०२० साली त्याच शहरात सत्तेवर आलेल्या नव्या आघाडीने, शक्य तेथे मुक्त प्रणालीच वापरावी, असे पुन्हा आपल्या करारात लिहून ठेवले.