मुक्या यंत्राचें निदान

नाडी न पाहतां औषध देणारा वैद्य आणि बंद पडलेल्या संगणकाचे भाग एकामागून एक बदलणारा कारागीर, हे दोघेही एकाच पंथाचे. १२ ऑगस्ट १९८१ रोजीं अमेरिकेंत आयबीएम कंपनीनें आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' जाहीर केला, तेव्हां त्यांत आत्मपरीक्षणाची सोय केलेली होती. वीज मिळतांच रॉममध्यें कोरलेली आज्ञावली यंत्राच्या अंगोपांगांची क्रमानें झडती घेई. सर्व ठीक असल्यास एक आंखूड 'बीप' होई. एक लांब व दोन आंखूड नाद झाले, तर दोष पडद्याच्या जोडणींत समजावा. स्मृतींतील दोषाचे आंकडे पडद्यावर उमटत. त्यांवरून बिघडलेली चिपही हुडकतां येई.

परंतु व्यथा सांगण्यापुरतें बळ रोग्याच्या अंगीं असावें लागतें. स्मृतीचे पहिले १६ किलोबाइटच नासले, तर हें यंत्र निमूटपणें थांबे. १९८४ च्या 'एटी' यंत्रांत परीक्षेच्या पायऱ्यांचे क्रमांक बाहेर पाठविले जाऊं लागले. विशेष कार्ड बसवून, यंत्र कोठें अडलें तें वाचतां येऊं लागलें.

चाळिशी उलटलेल्या त्या पहिल्या मदरबोर्डांत आज निराळेंच कारण वारंवार आढळतें. १२ व्होल्टच्या वाटेवरील टँटलमचा इवलासा कपॅसिटर आंतून 'शॉर्ट' होतो आणि पॉवर सप्लाय आत्मरक्षणार्थ बंद पडतो. सारें यंत्र मृतवत् दिसतें. दोष हरभऱ्याएवढ्या भागांत असतो. म्हणून जाणता कारागीर प्रथम वीज तोडून त्या वाटेचा रोध मीटरनें मोजतो. असे फलक आतां नव्यानें घडत नाहींत. घाईनें टाकून दिलेला प्रत्येक फलक कायमचाच जातो.