रंगभूमीचे भाडे

मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिणारे नाटककारांची नावे सांगतात, नटांची चरित्रे सांगतात, कोणत्या पदास किती वेळा 'वन्स मोअर' मिळाला हेही सांगतात. पण ज्या चार भिंतींच्या आत हे सर्व घडले त्या भिंतींचे भाडे कोणी भरले, हा प्रश्न त्यांस सहसा सुचत नाही. हिशेबाची गोष्ट रसिकांच्या पंक्तीत काढणे बरे दिसत नाही, असा एक समज आपल्याकडे आहे. आम्हांस तो समज महागात पडला आहे असे वाटते, आणि तो किती महागात पडला हे पाहावयाचे असेल तर पुण्यामुंबईपेक्षा नांदेड व लातूर या शहरांकडे पाहणे अधिक उपयोगाचे होईल.

या दोन शहरांत हौशी नाटकमंडळींची वाण कधीच नव्हती. राज्य नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी अलीकडच्या वर्षांत दोन्ही ठिकाणी होत आली आहे. नांदेडास कुसुम सभागृहात आणि लातुरास दयानंद सभागृहात. नवी संहिता लिहिली जाते, दोन-अडीच महिने तालमी होतात, एका रात्री पडदा वर जातो, आणि बहुतेक नाटकांच्या बाबतीत तो खाली आला की नाटकही संपते. अंतिम फेरीचे भाग्य एखाद्दुसऱ्यास. उरलेली नाटके वाईट असतात म्हणून मरतात, असे म्हणणे सोपे आहे. काही वाईट असतातही. परंतु चांगलीही त्याच रात्री मरतात, हे कशाने होते, त्याचा उलगडा करण्यासाठी जमाखर्चाची जुनी वही थोडी मागून चाळली पाहिजे.

सांगलीस 1843 साली विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले तेव्हा भाड्याचा प्रश्नच नव्हता. आश्रयदाते श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन हे संस्थानाचे अधिपती. जागा त्यांची, दिवे त्यांचे, पोशाखही त्यांचे. आप्पासाहेब 1851 साली निवर्तले, आणि जी कला संस्थानिकाच्या दिवाणखान्यात आठ वर्षे सुखाने नांदली होती तिच्या चालकाला कर्जाचे ओझे घेऊन गावोगाव फिरण्याची पाळी आली. भावे 1853 साली मुंबईस गेले व तेथे त्यांनी तिकीट लावून खेळ केला. मराठी नाटकाचा धंदा येथून सुरू झाला असे इतिहासकार म्हणतात. आम्ही असे म्हणू की, मराठी नाटकाच्या खर्चाच्या बाजूस 'जागेचे भाडे' ही रक्कम येथून कायमची येऊन बसली.

ज्या नाट्यगृहात तो खेळ झाला त्याची स्वतःची कथा येथे सांगण्यासारखी आहे. मुंबईच्या किल्ल्यात इंग्रजांचे एक जुने थिएटर 1776 पासून होते. ते कर्जात इतके बुडाले की 1835 साली विकावे लागले. जमशेटजी जीजीभाई यांनी ते घेतले. कर्ज फिटून जी शिल्लक उरली ती नव्या नाट्यगृहाकडे लावावी, असा अर्ज नागरिकांनी सरकारकडे केला, जगन्नाथ शंकरशेट यांनी ग्रँट रोडवर आपली जागा दिली, आणि 1846 साली तेथे थिएटर उभे राहिले. (रस्त्याचे नाव गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्यावरून आहे, सरकारी 'ग्रँटी'वरून नव्हे, तरी योगायोग मोठा मौजेचा खरा.) किल्ल्यातील साहेबलोकांस ती जागा दूर पडू लागली, आणि थोड्याच वर्षांत तेथे मराठी, गुजराती व पारशी मंडळींचे खेळ रंगू लागले. एका बुडालेल्या रंगभूमीची शिल्लक व एका गृहस्थाची जमीन एवढ्या भांडवलावर आपल्या तिकिटाच्या नाटकास मुंबईत पहिले छप्पर मिळाले.

पुढील साठ-सत्तर वर्षांत तिकिटाने भाडे पेलले. किर्लोस्कर मंडळी, ललितकलादर्श, गंधर्व मंडळी यांच्या वैभवाच्या काळात ते पेलणे अवघड नव्हते. 1921 साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग केला तेव्हा तर रंगभूमीच राष्ट्रकार्यास देणगी देत होती. त्या काळातही शहाण्या माणसांनी जागेचे महत्त्व ओळखले होते. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी 1915 साली पॅलेस थिएटर उभे केले. तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले आणि 8 ऑगस्ट 2024 रोजी, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, आगीत जळाले. कोल्हापूरकरांच्या डोळ्यांत त्या रात्री जे पाणी आले ते विटांसाठी नव्हते, हे सांगणे नलगे.

मग 1931 साली बोलपट आला. नाटक मागे पडले याची कारणे अभिरुचीत शोधण्याची प्रथा आहे; पण साधी गोष्ट अशी की, नाट्यगृहाच्या मालकास दिवसाला तीन खेळांचे उत्पन्न देणारा नवा भाडेकरू मिळाला. पुण्याचे किर्लोस्कर नाट्यगृह व विजयानंद थिएटर या दोहोंची चित्रपटगृहे झाली. बालगंधर्वही 1935 साली 'धर्मात्मा' बोलपटात उतरले. नटास हा मार्ग मोकळा होता, नाटकास नव्हता. नाटक बेघर झाले, आणि ज्यास घर नाही त्यास चरित्रही फार काळ उरत नाही.

आता गोदावरीच्या व मांजरेच्या खोऱ्यांकडे वळू. येथील हिशेब निराळा होता, कारण हा मुलूख निजामाच्या राज्यात. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग 1900 च्या सुमारास सुरू होऊन नांदेड त्यावर आले. लातुरास 1911 साली बार्शी लाइटची अरुंद गाडी पोहोचली. तेव्हा पडदे, पेटारे व पोशाख घेऊन येण्यास वाट झाली, जरी लातूरच्या वाटेवर कुर्डुवाडीस सारे सामान रुंद गाडीतून उतरवून अरुंद गाडीत चढवावे लागे. पण गावात उतरल्यावर प्रयोग करावयाचा कोठे? राज्याची भाषा उर्दू. आणि 1929 च्या सुमारास निघालेल्या 'गश्ती निशाण 53' या फर्मानाने सार्वजनिक सभेस पूर्वपरवानगी आवश्यक ठरविली. पुण्यात जागेला भाडे लागे. आमच्याकडे परवानाही लागे.

म्हणून या भागातील प्रयोगकलेने अशा जागा शोधल्या जेथे दोहोंपैकी काहीच लागत नव्हते. कीर्तन व भारूड देवळाच्या सभामंडपात झाले. देवाने कोणाकडे भाडे मागितल्याचे ऐकिवात नाही. तमाशाचे फड यात्रांत उतरले. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही त्यांच्या राहुट्या लागतात, व जिल्हा परिषद तेथे लावणी महोत्सव भरविते. आंबेडकरी जलशांनी वस्तीतील चौक हीच रंगभूमी केली. 'वाटा-पळवाटा'चे कर्ते दत्ता भगत यांच्यासारखे नाटककार नांदेडने पुढे दिले, त्यामागे चौकातील त्या प्रयोगांची पुण्याई आहे असे आम्ही मानतो. सारांश, मराठवाड्यात कला होती, प्रेक्षक होता. छप्पर तेवढे नव्हते.

17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी राजवट संपली, 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्या राज्याने 1954 पासून नाट्यस्पर्धा सुरू केली होती. या स्पर्धेचे गुणगान बहुधा परीक्षक, बक्षिसे व नवे नाटककार यांच्या संदर्भात होते. तिचा सर्वांत मोठा उपकार मात्र कोणी उच्चारीत नाही. वर्षातून एक रात्र सरकार नाट्यगृह घेते आणि गावच्या मंडळीस म्हणते, "आज भाड्याची चिंता करू नका." जिल्ह्याच्या गावी हौशी रंगभूमी जगली ती या एका रात्रीवर.

आणि दुसऱ्या रात्रीवर ती मरते. समजा, दिवे व ध्वनी धरून नाट्यगृहास 15000 रुपये लागतात आणि तिकीट 100 रुपयांचे आहे. म्हणजे पहिले दीडशे प्रेक्षक केवळ भिंतींसाठी आले. नेपथ्य वाहून आणणारा टेंपो, रंगभूषाकार, वाद्ये, जाहिरात, यांचा हिशेब एकशे एक्कावन्नाव्या प्रेक्षकापासून सुरू होणार. हौशी मंडळीत कोणी शिक्षक, कोणी बँकेत कारकून, कोणी विद्यार्थी. तोटा झाला तर तो कोणाच्या पगारातून भरावयाचा? असा प्रश्न पडला की मंडळी सूज्ञपणे दुसरा प्रयोग करीतच नाहीत. साथीनंतर 5 नोव्हेंबर 1920 रोजी नव्हे, तर अगदी परवा, 5 नोव्हेंबर 2020 रोजी, निम्म्या आसनांवर नाट्यगृहे उघडण्यास परवानगी मिळाली, तेव्हा हाच हिशेब व्यावसायिक कंपन्यांनाही चुकला नाही: आसने निम्मी झाली, पण भिंती काही निम्म्या झाल्या नव्हत्या.

ही अडचण आपलीच आहे असे नव्हे. प्राचीन अथेन्समध्ये 'थिओरिकॉन' नावाचा एक सरकारी निधी असे. त्यातून गरीब नागरिकास नाटकाच्या आसनाचे दोन ओबोल मिळत. तो ते नाट्यगृहाच्या मक्तेदारास देई. मक्तेदार त्यांतून आसनांची निगा राखी. पैसा प्रेक्षकाच्या हातून फिरून पुन्हा जागेसच पोहोचे. हा निधी युद्धाकडे वळवावा म्हणून डेमॉस्थेनीसने जंग जंग पछाडले, तरी अथेनियनांनी तो कित्येक वर्षे सोडला नाही. इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धुमाळीत ब्रिस्टलचे 1766 चे थिएटर रॉयल विक्रीस निघाले. नागरिकांनी ते वाचविले, आणि कलांच्या उत्तेजनार्थ नेमलेल्या सरकारी मंडळाने ते भाडेपट्ट्याने घेऊन 1943 साली पुन्हा उघडले. पुढे 1948 च्या कायद्याने तेथील स्थानिक संस्थांस दर पौंडामागे सहा पेन्सांपर्यंतचा कर करमणुकीकडे लावण्याची मुभा मिळाली. ज्या देशात बाँब पडत होते त्याने नाटकाच्या छपराचा विचार केला, ही गोष्ट आम्हांस फार लक्षणीय वाटते.

आपल्याकडे साह्य नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्र सरकारच्या संस्कृति-मंत्रालयाने इमारतींसाठी व लहान प्रयोगगृहांसाठी अनुदानाची योजना केली. महानगरांबाहेरील संस्थेस तीत 25 लाखांपर्यंतची मर्यादा ठेविली. गुरु-शिष्यांच्या मानधनासाठी, उत्सवांसाठी, नव्या निर्मितीसाठीही योजना निघाल्या. राज्य सरकारने नव्या नाटकांस अनुदान दिले, तमाशाच्या फडांस दिले, नगरपालिकांस नाट्यगृहे बांधण्यास पैसा दिला. परंतु या साऱ्यांत इमारत बांधणाऱ्याचा विचार अधिक, ती रात्रीपुरती घेणाऱ्याचा कमी. ज्या मंडळीजवळ तालमीपुरती खोली नाही तिला इमारतीच्या अनुदानाचा उपयोग, छत्री नसलेल्यास छत्रीच्या कारखान्याचे भांडवल देऊ केल्याइतकाच.

बांधणाराही चुकतो तो आकारात. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात अध्यापन केलेले नरहर कुरुंदकर यांनी ज्या नाट्यशास्त्राचा आयुष्यभर अभ्यास केला, त्याच्या दुसऱ्या अध्यायात भरतमुनींनी प्रेक्षागृहाची मापे दिली आहेत: ज्येष्ठ 108 हात, मध्यम 64, कनिष्ठ 32. मर्त्य माणसांस मध्यमच योग्य, कारण फार मोठ्या गृहात शब्द विरतो व नटाच्या मुद्रेवरील भाव दिसत नाही, असे मुनी सांगतात. आमच्या नगरपित्यांस मात्र ज्येष्ठापेक्षा कमी काही रुचत नाही. हजार आसनांचे सभागृह हे सत्कारसमारंभास शोभते. दोनशे प्रेक्षकांच्या नाटकास ते भाड्यानेही मारते आणि रिकाम्या खुर्च्यांनीही मारते.

येथे एक शंका घेतली जाते. सरकारचा पैसा घेतला की सरकारचे मन राखावे लागते, मग नाटक स्वतंत्र कसे राहणार? शंका रास्त आहे. सरकारची नाटकाशी पहिली मोठी कायदेशीर ओळख 1876 च्या कायद्याने झाली, आणि तो कायदा नाटके बंद पाडण्यासाठीच होता. संहितेस अनुदान द्यावयाचे तर संहिता वाचावी लागते, वाचणारा आला की त्याची आवडनिवड आली. भाड्याच्या साह्यात मात्र हा दोष सर्वांत कमी. जागेचे भाडे पौराणिक नाटकास जेवढे तेवढेच बंडखोर नाटकास. महापालिकेने आपल्या नाट्यगृहाच्या वर्षातील चाळीस रात्री अर्ध्या किंवा पाव भाड्याने नोंदणीकृत हौशी संस्थांस द्याव्या, ज्याचा अर्ज आधी त्यास रात्र आधी, एवढा नियम पुरे. परीक्षक नको, समितीही नको. नांदेडास महापालिकेच्या ताब्यात डॉ. शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह आहे, तेथे हे करून पाहता येईल. लातुरास दयानंद सभागृह शिक्षणसंस्थेचे. संस्थेने आपले उत्पन्न बुडवावे असे आम्ही म्हणणार नाही. तेथे सुटीची तूट महापालिकेने वा सरकारने संस्थेस परस्पर भरून द्यावी. पैसा मंडळीच्या हाती जातच नसल्याने त्याच्या अफरातफरीची भीतीही नाही.

फुकट मात्र देऊ नये. फुकट मिळालेल्या रात्री अडवून ठेवण्याची व ऐन वेळी सोडून देण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे.

तालमीच्या जागेचा विचार तर याहूनही आधी झाला पाहिजे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे; दरवर्षीच्या युवक महोत्सवात चार जिल्ह्यांतील महाविद्यालयांची मुले एकांकिका करतात. पदवी घेऊन ती बाहेर पडली की त्यांस तालमीस शाळेचा वर्ग शोधावा लागतो. शाळा सुटल्यावर बाके भिंतीशी लावावयाची, फळ्यावरील गणिते पुसावयाची नाहीत अशी ताकीद घ्यावयाची, आणि साडेनऊ वाजता शिपाई किल्ल्या वाजवू लागला की अंक असेल तेथे थांबवावयाचा. तिसरा अंक या मंडळींचा नेहमी कच्चा राहतो अशी परीक्षकांची तक्रार असते.