तिहेरी कंसाची कुळकथा

(((नाव))). जुन्या चॅटरूममध्ये कुणाच्या नावाभोवती असे कंस दिसले, तर ती मिठी असे. २०१४नंतर अमेरिकेतल्या वर्णद्वेष्ट्यांनी त्याच खुणेचा अर्थ केला, 'हा ज्यू आहे, तुटून पडा.'

या मंडळींचे कंस मात्र मिठीतून आलेले नाहीत, आवाजातून आलेत. 'द डेली शोआ' या त्यांच्या पॉडकास्टवर ज्यू आडनाव आलं की त्यावर घुमणाऱ्या प्रतिध्वनीचा इफेक्ट टाकत. तो कागदावर कसा उतरवणार? कंसाबाहेर कंस, त्याबाहेर आणखी एक. शिवाय ट्विटरचा सर्च विरामचिन्हं मोजतच नसे. टोळीला खूण कळे, शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नसे.

या कंसांचा पूर्वज म्हणून नाझी जर्मनीने ज्यूंवर लादलेल्या १९४१च्या पिवळ्या ताऱ्याकडे बोट दाखवलं जातं. मला ते पटत नाही. तारा कपड्यावर असे, कंस नावाला चिकटतात. त्यांचं मूळ मी ऑगस्ट १९३८च्या जर्मन हुकुमात धरतो. गृहखात्याने 'ज्यू' नावांची यादी काढली. यादीबाहेरचं नाव असलेल्या ज्यू पुरुषाने त्याला 'इस्राएल' जोडायचं, बाईने 'सारा'. १ जानेवारी १९३९पासून सक्ती. भाषापंडित व्हिक्टर क्लेम्परर कधीच ख्रिस्ती झालेले, तरी कागदोपत्री 'व्हिक्टर इस्राएल क्लेम्परर' झाले. (आपल्या कोकणात बेने इस्राएली ज्यूंना 'शनवार तेली' म्हणत, पण ते शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून. याद्या कुणी केल्या नव्हत्या.)

आता २०१६मधलं क्रोमचं 'कोइन्सिडन्स डिटेक्टर' हे एक्स्टेन्शन घ्या. त्याच्या पोटात ८,०००हून जास्त नावं. त्यातलं एखादं पानावर आलं की वाचणाऱ्याला ते आपोआप कंसात दिसे. आधी यादी, मग नावाला शेपूट. हे बनवणाऱ्याने १९३८चा हुकूम वाचला होता असं मी म्हणत नाही. याद्या करणाऱ्यांची डोकी सारखीच चालतात.

मे २०१६मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'चे जोनाथन वाइसमन यांनी या कंसांपासून सुरू झालेल्या स्वतःच्या छळाबद्दल लिहिलं, जूनमध्ये गुगलने ते एक्स्टेन्शन काढून टाकलं. त्याच सुमारास कितीतरी ज्यू पत्रकारांनी, आणि ज्यू नसलेल्यांनीही, हे कंस आपणहून स्वतःच्या नावाला लावून घेतले. तेव्हा असं नाव दिसलं, तर कंस कुणी लावलेत ते आधी बघा.