तिमाही तक्ता

१९०२ च्या जुलैत शाहू महाराज विलायतेत होते. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ते गेले होते आणि राजाच्या आजारपणामुळे तो सोहळा लांबला होता. त्याच मुक्कामात, २६ जुलैला, करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानाचा प्रसिद्ध हुकूम निघाला: यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतल्या उमेदवारांना द्याव्यात. हे पन्नास टक्के सगळ्यांना पाठ असतात. मला त्याच हुकमातलं शेवटाकडचं एक छोटं कलम जास्त मोलाचं वाटतं. हुकमानंतर केलेल्या नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तिमाहीला सादर करायचा होता. भरतीतला न्याय मोजण्याच्या आपल्याकडच्या रीतीचं कूळ मी तिथे शोधतो.

महाराज गादीवर आले १८९४ साली. तेव्हा संस्थानच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. हुकमाला नोकरीत असलेल्या कुणालाही काढायचं नव्हतं. ज्या कचेरीत मागासलेल्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी, तिथली पुढची जागा त्यांची, इतका सरळ हिशेब होता.

‘आधी शिका, लायक व्हा, मग नोकरी मागा’ हा युक्तिवाद तेव्हाही होता. हुकमाच्या प्रस्तावनेत त्याचं उत्तर आहे. शिक्षण पसरवायचे प्रयत्न केले, पण मागासलेल्यांत अपेक्षित यश आलं नाही, कारण उच्च शिक्षणाचं फळ मोजक्याच लोकांच्या पदरात पडतं, असं तिथे म्हटलं आहे. पोरगा शिकूनही कचेरीचं दार उघडणार नसेल, तर बाप त्याला औतावरून सोडेल कशाला? लायकीवरच्या आजच्या वादांतही हा मुद्दा क्वचितच कुणी इतका नेमका मांडतो.

हुकमात एक उणीव होतीच. मागासलेले कोण? ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. म्हणजे गावचा मराठा पाटील आणि महार एकाच रकान्यात. पुढे, १९१८ साली महाराजांनी महार वतनं रद्द केली, अस्पृश्य तरुणांना तलाठी नेमलं. ती वाट वेगळी काढावी लागली. तरी १९१२ पर्यंत ९५ अधिकाऱ्यांत ब्राह्मण ३५ उरले होते. दहा वर्षांत कचेऱ्यांचा चेहरा बदलला, आणि तो किती बदलला हे आकड्यांत सांगता येत होतं.

आज सेबीच्या नियमाने बाजारमूल्यात पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून दरवर्षी बीआरएसआर नावाचा अहवाल द्यावा लागतो. कर्मचाऱ्यांत पुरुष किती, स्त्रिया किती, अपंग किती, हे सगळं त्यात येतं. कर्मचाऱ्यांच्या जातीचा रकाना त्यात नाही. कोल्हापूरच्या खातेप्रमुखाला १९०२ साली जी माहिती चुकवता येत नव्हती, ती आजच्या कंपनीला कुणी विचारत नाही, आणि हे मला डाचतं.