पार्मोट्रेमा (दगडफूल)

पार्मेलिएसी कुलातील पर्णाभ शैवाकांची एक मोठी प्रजाती. जगभरात हिच्या सुमारे 300 जाती असून त्यांतील बहुतेक उष्ण व उपोष्ण प्रदेशांत वाढतात. मसाल्यात वापरले जाणारे दगडफूल बऱ्याच अंशी याच प्रजातीतून येते.

शैवाक कवक आणि शैवल यांच्या सहजीवनातून घडते. पार्मोट्रेमातील कवक धानीकवकांपैकी, लेकॅनोरेलीझ गणातील आहे. शैवल ट्रेबूक्सिया या एकपेशीय हरित शैवलांपैकी असते. शैवल प्रकाशसंश्लेषणाने अन्न तयार करते, तर कवक त्याला आवरण आणि ओलावा पुरवते.

वर्गीकरण : इटालियन शास्त्रज्ञ मॅसालाँगो यांनी 1860 मध्ये ही प्रजाती स्थापन केली. तरीही पुढे शतकभर हिच्या जाती पार्मेलिया या अवाढव्य प्रजातीतच गणल्या जात. अमेरिकन शैवाकतज्ज्ञ मेसन हेल यांनी 1965 मध्ये त्यांचा ‘ॲम्फिजिम्निया’ या उपप्रजातीखाली सविस्तर अभ्यास मांडला आणि 1974 मध्ये त्या पार्मोट्रेमात आणल्या. वरच्या पृष्ठावर पांढऱ्या रेषांची जाळी असणाऱ्या जातींसाठी 1990 मध्ये रायमेलिया ही प्रजाती वेगळी काढण्यात आली होती. डीएनएच्या अभ्यासानंतर 2005 मध्ये ती पुन्हा पार्मोट्रेमात विलीन झाली. महाराष्ट्रात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन व उर्मिला मखीजा यांनी शैवाकांच्या वर्गीकरणाचे काम केले.

लक्षणे : कायक (शैवाकाचे शरीर) करडे किंवा पिवळसर हिरवे, आधाराला सैल चिकटलेले असते. पाळ्या रुंद आणि गोलसर, बहुधा 1 ते 2 सेंमी. रुंदीच्या असतात. अनेक जातींत कडांना काळ्या केसांसारखे तंतू असतात. ओळखीची मुख्य खूण खालच्या बाजूस सापडते : मध्यभाग काळा व मुळांसारख्या तंतूंनी युक्त, तर कडेचा रुंद पट्टा तपकिरी आणि तंतुरहित. कोरडा तुकडा पाण्यात भिजवला की वरचे आवरण पारदर्शक होते, आतले शैवल दिसू लागते आणि करडा रंग हिरवट होतो.

लैंगिक प्रजननात वाटीच्या आकाराची फळे येतात. त्यांच्या प्रत्येक धानीत सामान्यतः आठ रंगहीन, एकपेशीय बीजाणू असतात. अनेक जाती मात्र पिठासारख्या कणांनी किंवा पृष्ठावरील बारीक कोंबांनी पसरतात. त्यांत कवक व शैवल दोन्ही एकत्रच जातात.

जाती रूपावरून पक्क्या ठरत नाहीत, तेव्हा रासायनिक कसोटी लागते. पार्मोट्रेमा टिंक्टोरम (पा. टिंक्टोरम) या जातीचा वरचा थर खरवडून आतल्या पांढऱ्या गाभ्यावर विरंजक चूर्णाच्या द्रावाचा थेंब टाकला की तो लाल होतो. हे लेकॅनोरिक अम्लाचे लक्षण आहे. पा. रेटिक्युलेटमच्या गाभ्यात सॅलॅझिनिक अम्ल असते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावाने तो आधी पिवळा, मग लाल होतो.

आढळ : रुंद, सैल पाळ्यांना दमट हवा आणि भरपूर उजेड मानवतो. म्हणून सह्याद्री व हिमालयाच्या उतारांवर झाडांच्या साली आणि खडकांवर या जाती विपुल आहेत. गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव-नागझिरा परिसरासारख्या पानझडी वनांत उन्हाळा कडक असतो. अशा हवामानात खोडाला घट्ट चिकटणारी पिक्सिन व डिरिनेरिया ही लहान पाळ्यांची पर्णाभ शैवाके अधिक तग धरतात. या भागातील लोकांना पार्मोट्रेमा भेटते ती प्रामुख्याने किराणा दुकानात.

उपयोग व संवर्धन : विदर्भातील सावजी मसाल्यात आणि पश्चिम महाराष्ट्रातील गोड्या मसाल्यात दगडफूल तेलात परतून किंवा भाजून घालतात, उष्णतेने त्याचा मातकट सुगंध खुलतो. आयुर्वेदात ते शैलेय या नावाने येते. बाजारातल्या एका पुडीत सहसा अनेक जाती, कधी इतर प्रजातींची शैवाकेही मिसळलेली असतात. पा. टिंक्टोरमपासून जांभळा रंग काढता येतो. ही जाती सल्फर डायऑक्साइडला संवेदनशील असल्याने हवेच्या शुद्धतेची निदर्शकही मानली जाते.

दगडफुलाची शेती होत नाही. बाजारातला माल जंगलातून गोळा केलेला असतो. कायक वर्षाला काही मिलिमीटरच वाढते, त्यामुळे सालीसकट सारे खरवडून नेल्यास ती जागा दीर्घकाळ उघडी राहते. गळून पडलेल्या फांद्यांवरचे दगडफूल वेचणे आणि खोडावरच्या कायकाचा काही भाग राखून ठेवणे, हा ते टिकवण्याचा एक मार्ग आहे.