अखंडाची चाल

जोतीराव फुल्यांच्या अखंडांतला, म्हणजे त्यांच्या अभंगवजा पद्यांतला, विचार सगळे उचलतात, रचनेकडे मात्र कुणी वळत नाही. विचार रोखठोक, रचना ओबडधोबड, असा जणू निकालच लागून गेला आहे. पण १८७३ साली सत्यशोधक समाज काढणाऱ्या या माणसाने निषेधासाठी कोणता छंद धरला, हे बघण्यासारखे आहे. अखंडाचे कूळ अभंगाचे, अभंगाचे ओवीचे. आणि महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद बाराव्या शतकातल्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात आहे. म्हणजे छंद मुळातच राबणाऱ्यांचा. यात लघुगुरूचा जाच नाही. अक्षरे मोजायची आणि गाताना हवी तशी लांबवायची. वृत्ते शिकवणारी शाळा ज्यांना बंद होती, त्यांच्या तोंडी हा बसला तो यामुळेच.

मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा. यमक जुळते ते दुसऱ्या-तिसऱ्याचे. फुल्यांच्या एका अखंडात ही जोडी ‘धनी’ आणि ‘मनी’ अशी आहे. धनी म्हणजे ज्याच्यापुढे गड्याने रोज मान खाली घालायची तो. इथे ते नाव निर्मिकाला, म्हणजे सृष्टीच्या निर्मात्याला, दिले आहे, आणि पुढच्याच यमकात तो ऐकणाऱ्याच्या मनात जाऊन बसतो. मधला भट आपोआप गळतो. मग तोकडा चौथा चरण. कान आणखी दोन अक्षरांची वाट पाहतो, ती येतच नाहीत. उपदेशाला हुकमाची धार चढते ती याच जागी.

हाच साचा भक्तीचाही आहे, मग निषेध रचनेत कुठला, असे कुणी विचारील. रास्त आहे, छंद काही जन्मतः बंडखोर नसतो. संत चोखोबांनी याच साच्यात गाऱ्हाणे मांडले, ते विठ्ठलापुढे. फुल्यांनी नाममुद्रा ठेवली, तुकोबांचे ‘म्हणे’ही ठेवले, पण तोंड माणसांकडे वळवले. चाल भजनात मुरलेली असल्यामुळे ऐकणाऱ्याला नवे पचवायचे ते फक्त बोलणे. अनोळखी छंदात तेच बोलणे निम्मे वाया गेले असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ या मुक्तछंदातल्या कवितासंग्रहाने १९७२ मध्ये दाखवलेला संताप सहा-सहा अक्षरांत मावला असता का? नसताच मावला. पण मुक्तछंदाचा धक्का छापील पानावर, ओळ कुठे मोडते त्यात असतो. अखंड चारचौघांत म्हणायचा असतो. एकाने दुसऱ्याला हद्दपार केले, हे मला पटत नाही. ‘गोलपिठा’ गाजत होता त्याच काळात शाहीर वामनदादा कर्डक ध्रुपद-अंतऱ्याची गाणी घेऊन वस्त्यावस्त्यांत उभे राहत होते, आणि हाती पुस्तक नसलेले लोक ध्रुपद त्यांच्याबरोबर म्हणत होते.